‘साहस’ या शब्दाचा अर्थप्रवास : बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्रीपुरुषतुलना’च्या अनुषंगाने

प्रस्तावना

इ. स. १८८२ मध्ये पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यात एक छोटेखानी पुस्तक छापले गेले. त्याच्या पाचशे प्रती काढण्यात आल्या होत्या व किंमत नऊ आणे होती. लेखिका वऱ्हाडातील बुलढाणा येथील ताराबाई शिंदे. पुस्तकाचे पूर्ण नाव ‘स्त्रीपुरुषतुलना अथवा स्त्रिया व पुरुष यांत साहसी कोण हें स्पष्ट करून दाखविण्याकरितां हा निबंध’ असे आहे. आज हे पुस्तक महाराष्ट्रातील अनेक अभ्यासक्रमांत उल्लेखिले जाते, त्यावर चर्चासत्रे होतात आणि भारतीय स्त्रीवादी विचाराच्या प्रारंभीच्या ग्रंथांत त्याची गणना केली जाते. तथापि या दीर्घ शीर्षकाचा पूर्वार्धच आपल्या तोंडी राहिला आहे. उत्तरार्धातील ‘साहसी’ या शब्दाकडे क्वचितच लक्ष दिले जाते.

आजचा विद्यार्थी हे शीर्षक प्रथमच वाचतो तेव्हा त्याचा समज असा होतो की, स्त्रिया व पुरुष यांपैकी अधिक धाडसी, अधिक शूर कोण, हे ठरविण्यासाठी लेखिकेने निबंध लिहिला असावा. हा समज स्वाभाविक आहे. आजच्या मराठीत साहस हा गुण आहे. मुलांसाठी साहसकथा लिहिल्या जातात, गिर्यारोहणास साहसी खेळ म्हणतात, शासनही साहसी पर्यटनास उत्तेजन देते. परंतु ताराबाईंना हा अर्थ अभिप्रेत नव्हता. त्यांच्या शीर्षकातील ‘साहसी’ म्हणजे अविचारी, मर्यादा ओलांडणारा, दुष्कृत्यास न कचरणारा. रोझलिंड ओहॅनलन यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी भाषांतरात या ठिकाणी दुष्ट व अनीतिमान अशा अर्थाचे शब्द योजिले आहेत, ते यामुळेच. म्हणजे ज्या शब्दाने ताराबाईंनी पुरुषांवर आरोप ठेवला, तोच शब्द आज आपल्या कानांना गौरवपर वाटतो. शब्दाचा अर्थ पालटला आणि त्याबरोबर निबंधाच्या शीर्षकातील आरोपही पुसट झाला.

प्रस्तुत शोधनिबंधात ‘साहस’ या शब्दाचा अनुचित वर्तनाचा वाचक म्हणून असलेला इतिहास तपासण्याचा व त्या प्रकाशात ‘स्त्रीपुरुषतुलना’ या ग्रंथाचे पुनर्वाचन करण्याचा प्रयत्न केला आहे.

उद्दिष्टे

१. धर्मशास्त्रातील व्यवहारप्रकरणात ‘साहस’ या संज्ञेचा अर्थ काय होता, हे पाहणे.
२. नीतिपर सुभाषितांत तोच शब्द स्त्रीस्वभावाचा दोष म्हणून कसा वापरला गेला, याचा शोध घेणे.
३. ताराबाई शिंदे यांनी हा शब्द कोणत्या अर्थाने व कोणत्या हेतूने योजिला, हे स्पष्ट करणे.
४. अनुचित वर्तनाविषयीच्या आजच्या मराठी शब्दांत हीच विषमता कितपत टिकून आहे, याचा विचार करणे.

संशोधनपद्धती

विषयाच्या स्वरूपानुसार ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. स्मृतिग्रंथ, नीतिसंग्रह, एकोणिसाव्या शतकातील मराठी मुद्रित साहित्य व दंडसंहितेतील तरतुदी यांचा आधार घेतला आहे. शब्दाचा अर्थ कोशात पाहून थांबण्याऐवजी तो कोणी, कोणाविषयी व कोणत्या प्रसंगी वापरला, याकडे अधिक लक्ष दिले आहे.

व्यवहारशास्त्रातील ‘साहस’

‘साहस’ हा शब्द ‘सहस्’ म्हणजे बळ यापासून सिद्ध झाला आहे. ऋग्वेदात अग्नीला सहसाचा पुत्र म्हटले आहे. तेथे या शब्दाला निंदेचा स्पर्शही नाही. पुढे मात्र बळाच्या जोरावर, राजदंडाची व लोकलज्जेची पर्वा न करता केलेले कृत्य असा अर्थ रूढ झाला आणि कायद्याच्या परिभाषेत ‘साहस’ हे अपराधाचे नाव बनले. कौटिल्याने अर्थशास्त्रात व मनूने आपल्या स्मृतीत साहस आणि स्तेय यांत भेद केला आहे. धन्याच्या समक्ष, बळजबरीने केलेले अपहरण ते साहस. त्याच्या पाठीमागे लपूनछपून केलेले ते स्तेय, म्हणजे चोरी. राजाने विचारात घ्यावयाच्या अठरा व्यवहारपदांत मनूने साहसाला स्वतंत्र स्थान दिले आहे. शिवीगाळ करणारा, चोर व दंडुक्याने मारहाण करणारा यांच्यापेक्षाही साहसिक हा अधिक पापी समजावा, असे तो सांगतो. ज्या राजाच्या नगरात चोर, परस्त्रीगामी व साहसिक नाहीत तो इंद्रलोकाचा अधिकारी होतो, असेही त्याचे म्हणणे आहे.

नारद व बृहस्पती यांच्या स्मृतिपरंपरेत साहसाची व्याप्ती वाढते. मनुष्यवध, चोरी, परस्त्रीवर हात टाकणे आणि वाणीचे व शरीराचे असे दोन्ही प्रकारचे पारुष्य यांचा साहसात समावेश होतो. अपराधाच्या गांभीर्यानुसार प्रथम, मध्यम व उत्तम अशा साहसाच्या तीन पायऱ्या मानल्या गेल्या व दंडाच्या रकमाही याच नावांनी ओळखल्या जाऊ लागल्या. मनूच्या मते प्रथम साहसदंड २५० पण, मध्यम ५०० व उत्तम १००० पण होय. याज्ञवल्क्याच्या गणनेत उत्तम साहसदंड १०८० पणांचा आहे; त्याचा अर्धा मध्यम व मध्यमाचा अर्धा प्रथम. चालुक्य विक्रमादित्य सहावा याच्या काळात कल्याणी येथे विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ टीका लिहिली आणि ती पुढे महाराष्ट्रात प्रमाण मानली गेली. त्यामुळे ही परिभाषा आपल्या प्रदेशातील शास्त्रीपंडितांच्या अगदी परिचयाची होती.

या विवेचनातून दोन गोष्टी ध्यानात घेणे आवश्यक आहे. पहिली अशी की, व्यवहारशास्त्रात साहस हे कृत्य आहे. ते घडले की नाही हे साक्षीपुराव्याने ठरते आणि ठरल्यावर त्याला मोजून दंड होतो. दुसरी अशी की, या साहसाचा कर्ता बहुधा पुरुष गृहीत धरलेला आहे. परस्त्रीवर हात टाकणे हा अपराध पुरुषाचाच असू शकतो. दरोडा व उघड बळजबरी यांच्याही बाबतीत शास्त्रकारांच्या डोळ्यांसमोर पुरुषच होता. तात्पर्य, कायद्याच्या ग्रंथांतील साहसिक हा पुरुष आहे.

कृत्याकडून स्वभावाकडे

नीतिपर सुभाषितांकडे वळले की चित्र बदलते. चाणक्याच्या नावावर प्रचलित असलेल्या नीतिसंग्रहात स्त्रियांचे स्वाभाविक दोष सांगताना असत्य, कपट, मूर्खपणा, अतिलोभ, अशुचिता व निर्दयता यांच्या पंक्तीस साहस बसविले आहे. त्याच संग्रहात अन्यत्र पुरुषाच्या तुलनेत स्त्रीचे साहस सहापट असते, असा हिशेबही दिला आहे. भर्तृहरीच्या शृंगारशतकातील एका प्रसिद्ध श्लोकात स्त्रीला संशयांचा भोवरा, अविनयाचे घर व साहसांचे नगर म्हटले आहे. हे श्लोक पाठशाळांत पाठ केले जात व कीर्तनांत आणि पुराणकथनात आधारादाखल येत. ज्यांनी स्मृतिग्रंथ कधी उघडलेही नाहीत त्यांच्याही कानी ही दोषावली पडत असे.

येथे शब्द तोच राहिला, परंतु त्याची जात बदलली. व्यवहारशास्त्रातील साहस सिद्ध करावे लागते. सुभाषितातील साहस सिद्ध करावे लागत नाही, कारण ते स्वभावतःच आहे असे मानलेले असते. जे जन्मजात आहे त्याला साक्षीदार कशाला? तेथे निवाड्याच्या जागी पूर्वग्रह येतो. एका स्त्रीने केलेले कृत्य साऱ्या स्त्रीजातीचा पुरावा ठरते आणि लाखो स्त्रियांनी न केलेले कृत्य मात्र कोणाच्याच खात्यावर जमा होत नाही.

याच परंपरेत पुरुषाच्या साहसाचा गौरवही चालू होता, हे विसरून चालणार नाही. विक्रमादित्यास ‘साहसांक’ हे बिरुद लावले जाते. लक्ष्मी साहसापाशी वास करते, अशा आशयाची सुभाषिते प्रसिद्ध आहेत. विक्रमाच्या धाडसाच्या गोष्टी सांगणारी ‘सिंहासनबत्तिशी’ ही मराठीतील अगदी प्रारंभीच्या मुद्रित पुस्तकांपैकी एक होय. वैजनाथ शर्मा यांनी केलेले तिचे भाषांतर १८१४ मध्ये बंगालमधील श्रीरामपूर येथे छापले गेले. म्हणून साहस शब्दाचा चांगला अर्थ अगदी अलीकडे निर्माण झाला, असे म्हणता येत नाही. दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदत होते. प्रश्न होता तो वाटणीचा. राजाने केले तर साहस हा पराक्रम. स्त्रीच्या ठायी कल्पिले तर तोच दोष. एकाच शब्दाचे मोल कर्त्याच्या लिंगावरून ठरत होते.

इतर शब्दांची साक्ष

अनुचित वर्तनाच्या अन्य शब्दांतही कृत्याकडून व्यक्तीकडे होणारी ही घसरण दिसते. पेशवेकालीन कागदपत्रांत स्त्रीपुरुषांच्या अनैतिक संबंधांसाठी ‘बदअमल’ हा शब्द आढळतो व अशा प्रकरणांत सरकारात दंड घेतला जात असे. ‘बद’ म्हणजे वाईट व ‘अमल’ म्हणजे कृती. ‘बदफैल’ शब्दातील ‘फैल’चाही मूळ अर्थ कृत्य हाच आहे. शब्द कृत्याचा वाचक होता तोवर त्यात स्त्री व पुरुष दोघेही सामावत होते. पुढे मात्र ‘बदफैली’ हे विशेषण झाले आणि ते प्रामुख्याने स्त्रीच्याच नावामागे लागले.

‘व्यभिचार’ या शब्दाचीही हीच कथा आहे. त्याचा मूलार्थ नेमलेली वाट सोडून जाणे एवढाच. न्यायशास्त्रात हेतू साध्याला सोडून इतरत्र आढळला तर त्यास व्यभिचार म्हणतात आणि साहित्यशास्त्रात चंचल भावांना व्यभिचारी भाव म्हणतात. त्या ठिकाणी कोणाच्याही चारित्र्याचा प्रश्न येत नाही. परंतु याज्ञवल्क्याने व्यभिचारिणी स्त्रीचे अधिकार काढून घ्यावेत, तिला मळके वस्त्र द्यावे, पोटापुरतेच अन्न द्यावे व भूमीवर निजवावे असे सांगितले. तेव्हापासून या शब्दाचे स्त्रीलिंगी रूप जितके जड झाले तितके पुल्लिंगी रूप कधीच झाले नाही.

ताराबाई शिंदे आणि १८८१ चा खटला

ताराबाईंचा जन्म १८५० च्या सुमारास बुलढाणा येथे झाला. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे हे तेथील डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते आणि सत्यशोधक समाजाचे सभासद होते. १८५३ च्या तहान्वये वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांच्या हाती आला होता. डोंगरावर वसलेले बुलढाणा हे नव्या राजवटीत जिल्ह्याचे ठाणे म्हणून वाढत होते. घरात मराठा कुळांची पडद्याची रीत होती, तरीही वडिलांनी मुलीला शिकविले. ताराबाईंनी मराठीबरोबरच संस्कृत व इंग्रजीचाही परिचय करून घेतला.

निबंधाचे निमित्त दूर सुरतेत घडले. विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर आपल्या नवजात अर्भकाची हत्या केल्याचा खटला १८८१ मध्ये चालला व तिला फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. पुढे त्या शिक्षेचे काळ्या पाण्यात रूपांतर झाले व नंतर तीही कमी करण्यात आली. या खटल्याने मुंबई इलाख्यातील वर्तमानपत्रांत मोठी खळबळ उडाली. ‘पुणेवैभव’ या सनातनी वळणाच्या पत्राने या निमित्ताने एकंदर स्त्रियांच्या वर्तनावर कोरडे ओढले. ताराबाईंची लेखणी उचलली गेली ती या लेखनामुळे.

या ठिकाणी शब्दाचा पेच नीट समजून घ्यावयास हवा. अर्भकाचा वध हे शास्त्राच्या काटेकोर अर्थानेही साहसच होते. ताराबाई ते कृत्य नाकारीत नाहीत व त्याचे समर्थनही करीत नाहीत. त्यांचा आक्षेप दोन गोष्टींवर आहे. विधवेला पुनर्विवाहाची वाट बंद करणारे, तिला फसविणारे व गर्भ राहिल्यावर नामानिराळे होणारे पुरुष या खटल्यात कोठेच दिसत नाहीत, हा पहिला आक्षेप. एका स्त्रीच्या अपराधावरून साऱ्या स्त्रीजातीच्या स्वभावाचा निवाडा केला जातो, हा दुसरा. विधवाविवाहाचा कायदा १८५६ मध्ये झाला होता आणि जोतीराव फुले यांनी १८६३ मध्येच पुण्यात बालहत्याप्रतिबंधक गृह काढले होते. म्हणजे या प्रकारच्या हत्यांमागे कोणती सामाजिक परिस्थिती असते, हे ज्यांना समजून घ्यावयाचे होते त्यांच्यासमोर ते उघड होते. तरीही वर्तमानपत्राला स्त्रीचा स्वभाव हेच कारण पुरेसे वाटले.

‘स्त्रीपुरुषतुलना’तील युक्तिवाद

ग्रंथाच्या प्रस्तावनेतच ताराबाईंनी ‘साहस’ या शब्दाचे टोक फिरविले आहे. पुरुषांच्या साहसाची व दगाबाजीची नवनवी उदाहरणे रोज डोळ्यांसमोर येत असता तिकडे दुर्लक्ष करून सर्व दोषांचे ओझे स्त्रियांवर लादले जाते, हे पाहून आपले मन तळमळले, असा त्यांच्या निवेदनाचा आशय आहे. त्यांनी साहसाला दगाबाजीच्या शेजारी बसविले, यावरून त्यांच्या मनातील अर्थाविषयी शंका उरत नाही.

पुढे परंपरेने स्त्रीच्या माथी मारलेल्या दोषांची यादी घेऊन त्या एकेका दोषाची झडती घेतात. त्यांची रीत अशी, की दोष नाकारण्यात वेळ न दवडता त्या विचारतात : हाच दोष पुरुषांत नाही काय? असल्यास किती? आणि त्याची झळ कोणाला पोहोचते? स्त्रिया निर्दोष आहेत असा त्यांचा दावा नाही. त्यांना हवी आहे ती तुलना. शीर्षकातील या शब्दाचे महत्त्व येथे उमगते. तुलना म्हणजे तराजू, व तराजूला दोन पारडी लागतात. सुभाषितकारांनी एकाच पारड्यात वजने टाकली होती. ताराबाईंनी दुसरे पारडे मांडले. ‘स्पष्ट करून दाखविण्याकरितां’ ही शब्दयोजनाही पाहण्यासारखी आहे. ती पुराव्याची भाषा आहे. सुभाषितांनी स्वभावाच्या प्रांतात नेऊन ठेवलेले साहस ताराबाईंनी पुन्हा कृत्याच्या प्रांतात आणले, जेथे कोणी काय केले हे विचारता येते.

या झडतीतून शास्त्रकार सुटले नाहीत, देव व ऋषीही सुटले नाहीत. पुराणांतील देवांची परस्त्रीविषयक कृत्ये त्या निर्भीडपणे उभ्या करतात. समकालीन नाटके व कादंबऱ्या स्त्रियांचे चित्र कसे रंगवितात, याचाही त्या समाचार घेतात. त्यांची भाषा घरगुती, रोखठोक व उपरोधिक आहे. पुरुषवाचकाला त्या थेट संबोधतात आणि आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून उलटतपासणी घ्यावी तसे प्रश्नामागून प्रश्न विचारतात. त्याच वर्षी पंडिता रमाबाईंचे ‘स्त्रीधर्मनीति’ प्रसिद्ध झाले. त्या पुस्तकात स्त्रियांनी आपली उन्नती कशी करावी याचा उपदेश होता. ताराबाईंनी उपदेशाची दिशाच बदलली. वर्तन सुधारण्याची जबाबदारी कोणावर, असा प्रश्न त्यांनी पुरुषांना केला.

ग्रंथाचे स्वागत मात्र झाले नाही. सत्यशोधक वर्तुळातूनही टीका झाली. जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये काढलेल्या ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंचा आपुलकीने उल्लेख करून कृष्णराव भालेकरांसारख्या आपल्याच सहकाऱ्यांच्या आक्षेपांचा परामर्श घेतला. त्यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही. ग्रंथ विस्मृतीत गेला. स. गं. मालशे यांनी तो शोधून १९७५ मध्ये, आंतरराष्ट्रीय महिला वर्षात, पुन्हा प्रकाशात आणला. पहिल्या व दुसऱ्या प्रकाशनात ९३ वर्षांचे अंतर पडले. या अवधीत मराठीतील ‘साहस’ शब्द गौरवार्थाकडे पुरता झुकला होता व निंदार्थासाठी ‘दुःसाहस’ हा वेगळा शब्द रूढ झाला होता. पुनर्जन्म झालेल्या ग्रंथाला त्यामुळे शीर्षकातला शब्द समजणारे वाचक पूर्वीसारखे लाभले नाहीत.

आजच्या भाषेतील विषमता

साहस शब्दाचा निंदार्थ लोपला म्हणून ताराबाईंचा प्रश्न निकालात निघाला, असे समजण्याचे कारण नाही. तो दुसऱ्या शब्दांत वस्तीला गेला आहे. बोलीतील वाक्प्रचार पाहावेत. स्त्रीच्या बाबतीत तिचे ‘वाकडे पाऊल पडले’, तिचा ‘पाय घसरला’, तिने ‘तोंड काळे केले’ असे म्हटले जाते. पुरुषाच्या बाबतीत तो ‘रंगेल’ आहे, ‘छंदीफंदी’ आहे, ‘बाहेरख्याली’ आहे असे म्हणतात. पहिल्या गटातील शब्द पतनाचे व काळिम्याचे आहेत. दुसऱ्या गटातील शब्द रंग, छंद व ख्याल यांच्यापासून, म्हणजे आवडीनिवडीपासून आले आहेत. एकाच वर्तनाचे वर्णन करताना भाषा स्त्रीला खाली पाडते व पुरुषाला रसिक ठरविते.

कायद्याची भाषाही याला अपवाद नव्हती. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील कलम ४९७ अन्वये व्यभिचाराचा गुन्हा पुरुषावरच दाखल होऊ शकत असे. वरवर पाहता ही ताराबाईंच्या बाजूची तरतूद वाटेल. परंतु विवाहित स्त्रीच्या पतीची संमती असल्यास तो गुन्हाच होत नव्हता. म्हणजे अपराध स्त्रीच्या इच्छेविरुद्ध घडला की नाही, याचा तेथे विचार नव्हता. पतीच्या अधिकाराचा भंग झाला की नाही, एवढाच होता. सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी हे कलम घटनाबाह्य ठरविले.

‘विनयभंग’ हा शब्द तर अधिकच विचार करण्यासारखा आहे. दंडसंहितेच्या कलम ३५४ मधील अपराधासाठी मराठीत हाच शब्द रूढ झाला व १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ७४ लागू झाल्यावरही व्यवहारात तोच चालू आहे. अपराध करतो पुरुष. परंतु अपराधाच्या नावात भंग होतो तो स्त्रीच्या विनयाचा. भर्तृहरीने स्त्रीला अविनयाचे घर म्हटले आणि आपण तिच्यावरील अत्याचाराला विनयभंग म्हणतो. दोन्ही ठिकाणी मोजमाप तिच्या विनयाचेच. उलट ‘छेडछाड’ हा शब्द पुरुषाच्या कृत्याचे वजन इतके कमी करतो की ते जणू थट्टामस्करी वाटावे. विशाखा प्रकरणातील १९९७ चा निकाल व कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा यांनी ‘लैंगिक छळ’ ही संज्ञा रूढ केली. त्या संज्ञेचे महत्त्व असे की, ती स्त्रीच्या चारित्र्याविषयी काहीही न बोलता केवळ कृत्याचे नाव घेते. प्रत्येक महाविद्यालयात आज अंतर्गत तक्रार समिती आहे. त्या समितीवर काम करणाऱ्या प्राध्यापकांना अहवाल लिहिताना कोणता शब्द निवडावा, हा प्रश्न पडतोच. मुलीच्या वागणुकीचे वर्णन करावयाचे की घडलेल्या कृत्याचे, हा तो प्रश्न होय. ताराबाईंनी १८८२ मध्ये हाच प्रश्न विचारला होता.

निष्कर्ष

१. धर्मशास्त्रातील व्यवहारप्रकरणात ‘साहस’ हे पुराव्याने सिद्ध करावयाचे कृत्य होते व त्याचा कर्ता बहुतांशी पुरुष गृहीत धरला होता.
२. नीतिपर सुभाषितांनी त्याच शब्दाला स्त्रीचा स्वभावदोष बनविले. त्यामुळे आरोपास पुराव्याची गरज उरली नाही.
३. पुरुषाच्या बाबतीत ‘साहस’ गौरवाचा व स्त्रीच्या बाबतीत निंदेचा, अशी शब्दाच्या मूल्याची वाटणी दीर्घकाळ चालू होती.
४. ताराबाई शिंदे यांनी निंदार्थी ‘साहस’ पुरुषांच्या आचरणाला लावून शब्दाला स्वभावाकडून पुन्हा कृत्याकडे आणले. ‘स्त्रीपुरुषतुलना’चे वैचारिक बळ या फेरमांडणीत आहे.
५. आज या शब्दाचा निंदार्थ मावळल्यामुळे ग्रंथाच्या शीर्षकाचा विपरीत अर्थ लागण्याचा संभव आहे. अध्यापनात याची दखल घेणे आवश्यक आहे.
६. ‘विनयभंग’, ‘छेडछाड’, ‘वाकडे पाऊल’ यांसारख्या शब्दांत जुनी विषमता अद्याप टिकून आहे.

समारोप

बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा हे राजमाता जिजाऊंचे जन्मस्थान. दरवर्षी १२ जानेवारीस तेथे मोठा जनसमुदाय जमतो व जिजाऊंच्या साहसाचा मुक्तकंठाने गौरव होतो. स्त्रीच्या बाबतीत हा शब्द आदराने उच्चारला जावा, ही आनंदाची गोष्ट आहे. त्याच जिल्ह्यातील दुसऱ्या एका स्त्रीला मात्र हा शब्द शिवीसारखा ऐकावा लागला आणि तिने तो पुराव्यानिशी परत केला, हेही आपण लक्षात ठेवावयास हवे. वर्गात ‘साहसी कोण’ हा प्रश्न फळ्यावर लिहिताना या शब्दाचा १८८२ मधील अर्थ शेजारी लिहिला, तर विद्यार्थी ते शीर्षक पुन्हा एकदा वाचतील. या वेळी त्यांना शौर्याच्या स्पर्धेऐवजी आरोपपत्र दिसेल, आणि त्याचे उत्तर कोणाकडून येणे बाकी आहे, हेही कळेल.